संग्रह की परिग्रह?



ह्यांच्या कपाटात ‘मुघल-ए-आझम’च्या दोन डीव्हीडी होत्या. एक १९६०च्या मूळ चित्रपटाची. शीशमहालातलं गाणं आणि शेवट सोडला तर कृष्णधवल. दुसरी २००४ साली संपूर्ण रंगवून आणलेल्या चित्रपटाची. मी कॉमर्सची, म्हणून दोन्ही लावून वेळेचा ताळा केला. रंगीत सुमारे २० मिनिटांनी कमी भरली! रंग जमेला, प्रसंग खर्ची.

हे गेल्यावर मी दोन्ही जपल्या. यंदा उत्तम आकिंचन्याच्या दिवशी मात्र मनाला विचारलं, हा संग्रह की परिग्रह? रंगीत नातीला देऊन टाकली. जुनी काही हातून सुटेना. तिच्या वेष्टनावर ह्यांच्या अक्षरात आमच्या लग्नाची तारीख आहे. तेवढा मोह शिल्लक राहिला, बायांनो.