फुलाला लागलेली रांगोळी

मुलांनो, आज तुम्हाला एक कबुली द्यायची आहे. ती देताना मला जरा लाज वाटतेय, पण ऐका. त्या निमित्ताने बॅडमिंटनच्या एका फार जुन्या स्पर्धेची गोष्टही तुम्हाला कळेल.

गोष्ट १९८० सालची. मी बारा वर्षांचा होतो. आम्ही सांगलीला एका वाड्यात राहायचो. पाडवा होऊन आठवडा झाला होता, वार्षिक परीक्षा डोक्यावर होती. सकाळी रेडिओवर बातम्या लागल्या आणि आमचे नाना, म्हणजे माझे आजोबा, दाढी करता करता एकदम ओरडले, "जिंकला रे! प्रकाश पदुकोण ऑल इंग्लंड जिंकला!" गालाला साबण तसाच. मी विचारलं, "नाना, ऑल इंग्लंड म्हणजे काय?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी पंढरपूर म्हणजे काय असं विचारलं होतं!

तर आधी तेच सांगतो.

बॅडमिंटन हे नाव इंग्लंडमधल्या एका सरदाराच्या हवेलीवरून पडलं. पण या खेळाचं आपल्याशी जवळचं नातं आहे, बरं का! पुण्याच्या छावणीतले इंग्रज अधिकारी हा खेळ खेळायचे, म्हणून त्याला चक्क 'पूना' म्हणत. १८७३ च्या सुमारास त्याचे सुरुवातीचे नियम पुण्यातच लिहिले गेले असं मानतात. हे अधिकारी सुट्टीवर मायदेशी गेले, की खेळही त्यांच्या सामानाबरोबर जायचा.

पुढे तिकडे संघटना झाली, आणि ४ एप्रिल १८९९ रोजी लंडनमध्ये पहिली मोठी स्पर्धा भरली. कुठे? एका पलटणीच्या कवायतीच्या हॉलमध्ये! सगळी स्पर्धा एका दिवसात आटोपली. त्या वर्षी एकेरीचे सामनेच नव्हते. पुरुष दुहेरी, महिला दुहेरी आणि मिश्र दुहेरी, बस्स. एकेरी सुरू झाली १९०० साली. आणखी एक गंमत म्हणजे तेव्हाचं कोर्ट आजच्यासारखं सरळ आयताकृती नव्हतं. ते जाळीपाशी अरुंद आणि दोन्ही टोकांना रुंद, डमरूसारखं असायचं. हीच ती ऑल इंग्लंड स्पर्धा. दोन महायुद्धांच्या काळात ती बंद पडली, पण युद्ध संपलं की पुन्हा सुरू झाली. बॅडमिंटनची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९७७ साली सुरू झाली. तोपर्यंत जो ऑल इंग्लंड जिंकेल तोच जगज्जेता, असं सगळे धरून चालायचे.

आता या स्पर्धेतले विजेते तरी केवढे! सर जॉर्ज थॉमस यांनी १९०३ ते १९२८ या काळात एकेरी, दुहेरी, मिश्र दुहेरी मिळून २१ विजेतेपदं मिळवली. शिवाय हे गृहस्थ बुद्धिबळातही पटाईत. दोनदा ब्रिटनचे बुद्धिबळ विजेते झाले! देशादेशांमधल्या सांघिक स्पर्धेसाठी त्यांनीच चषक दिला. तोच थॉमस चषक आपल्या भारताने २०२२ साली जिंकला. आयर्लंडचे फ्रँक डेव्हलिन एकेरीत सहा वेळा जिंकले. त्यांची मुलगी ज्युडी तर वडिलांच्याही पुढे गेली. तिने महिला एकेरी दहा वेळा जिंकली! मग मलायाचे वाँग पेंग सून आणि एडी चूंग, प्रत्येकी चार वेळा. डेन्मार्कचे अर्लंड कॉप्स सात वेळा. आणि इंडोनेशियाचे रूडी हार्तोनो? १९६८ साली अठराव्या वर्षी ते पहिल्यांदा जिंकले आणि पुढची सहा वर्षं जिंकतच राहिले. सलग सात! १९७५ साली अंतिम सामन्यात हरले, तर १९७६ साली परत येऊन आठवं विजेतेपद घेऊन गेले.

या यादीत भारताचं नाव नव्हतं. नानांना त्याची फार चुटपुट होती. त्यांचा जीव होता नंदू नाटेकरांवर. का नसावा? नाटेकर जन्माने सांगलीचे! १९५४ साली ते ऑल इंग्लंडच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोचले. १९५६ साली मलायात सेलांगोर इंटरनॅशनल स्पर्धा जिंकली. परदेशात बॅडमिंटनची स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय. नाना म्हणायचे, "आपल्या नंदूनं दार ढकललंय, आता कुणीतरी आत जाईलच."

आत गेला तो प्रकाश पदुकोण. बंगलोरमध्ये त्याचा सराव चालायचा तो एका मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये. लग्न असलं की सराव बंद! त्या हॉलमधून निघालेला हा मुलगा २३ मार्च १९८० रोजी लंडनच्या वेम्बलीत इंडोनेशियाच्या लिम स्वी किंगसमोर उभा राहिला. किंग त्याआधी सलग दोन वर्षं जिंकलेला. उडी मारून असा स्मॅश मारायचा, की समोरच्याला फूल दिसायचंच नाही. प्रकाशने काय केलं? ताकदीला ताकदीने उत्तर दिलंच नाही. फूल कधी हळूच जाळीपाशी टाकलं, कधी मागच्या कोपऱ्यात पाठवलं. किंगला हवा तसा खेळ त्याने होऊच दिला नाही. १५-३, १५-१०. संपला सामना!

झालं! परीक्षा संपली आणि आमच्या वाड्याला बॅडमिंटनचं वेड लागलं. आम्ही शटलकॉकला फूलच म्हणायचो. पाच मुलांत दोन लाकडी रॅकेटी. जाळी म्हणजे दोन खांबांना बांधलेली सुतळी. कोर्ट आखायला शाळेत फक्की असते, ती आमच्याकडे कुठली? आईच्या डब्यातली रांगोळी पळवली. स्पर्धेचं नाव 'ऑल वाडा', आणि चषक म्हणजे बिस्किटांचा रिकामा डबा.

अंतिम सामना माझा आणि माझ्या शेजारच्या मित्राचा. त्याचं नाव सांगत नाही, कारण आता तो आजोबा झालाय आणि नातवंडांना हे अंक वाचून दाखवतो. तिसरा गेम. माझे १४, त्याचे १३. सर्व्हिस माझी. पंच वगैरे कुणी नव्हता. ज्याच्या बाजूला फूल पडेल त्याने 'आत' की 'बाहेर' ते सांगायचं, हा नियम.

मी सर्व्हिस केली. तीनचार फटके झाले. मग त्याने फूल उंच, माझ्या डोक्यावरून मागे टाकलं. मी धावलो. फूल पडलं. मी वाकून बघितलं, तर फुलाच्या बुडाला पांढरी रांगोळी लागलेली. म्हणजे रेषेवर. म्हणजे आत!

आणि मी ओरडलो, "बाहेर!"

रांगोळी अंगठ्याने पुसली. पोरांनी डबा वाजवत मला वाड्यात मिरवलं. मित्र काहीच बोलला नाही. माझ्या हातात हात दिला आणि घरी गेला.

यातला खरा वेडेपणा सांगू? तेव्हाच्या नियमात ज्याची सर्व्हिस त्यालाच गुण मिळायचा. 'आत' म्हणालो असतो तरी मी हरलो नसतो. फक्त सर्व्हिस त्याच्याकडे गेली असती! एवढ्यासाठी मी खोटं बोललो. तो डबा आईने नंतर खोबरं ठेवायला घेतला. रोज जेवताना तो दिसायचा आणि माझा घास अडकायचा. पण बोलायचं धाडस काही झालं नाही. पुढे शाळा संपली, वाडा सुटला, मित्र नोकरीसाठी नागपूरला गेला.

मोठेपणी मी बॅडमिंटनबद्दल मिळेल ते वाचायला लागलो. त्यात प्रकाश नाथ यांची गोष्ट वाचली. हे प्रकाश नाथ लाहोरचे. १९४७ साली, महायुद्धानंतरच्या पहिल्याच ऑल इंग्लंडला ते आणि देविंदर मोहन हे दोघं भारतातून गेले. नशीब असं, की उपांत्यपूर्व फेरीत दोघांची गाठ एकमेकांशीच पडली. आपसात लढून दमण्यापेक्षा त्यांनी नाणं उडवायचं ठरवलं. आज असं केलं तर चालणार नाही, पण त्यांनी ते केलं. कौल प्रकाश नाथ यांच्या बाजूने लागला. देविंदर मोहन तेवढ्यावर बाजूला झाले. इतक्या दूर, समुद्रापलीकडे खेळायला आलेला माणूस, आणि एका नाण्याचा शब्द पाळला!

प्रकाश नाथ अंतिम फेरीत पोचले. ऑल इंग्लंड एकेरीची अंतिम फेरी गाठणारे पहिले भारतीय. पण सांगतात की सामन्याच्या दिवशी सकाळी त्यांनी वर्तमानपत्र उघडलं, तर लाहोर पेटल्याची बातमी. त्यांचं घर होतं तो भागही जळत होता. घरची माणसं कशी असतील? फोन करून विचारावं असे ते दिवस नव्हते. तसेच ते कोर्टवर गेले आणि स्वीडनच्या कॉनी येप्सेनकडून हरले. विजेत्यांच्या यादीत तुम्हाला येप्सेनचं नाव सापडेल. नाणं, शब्द आणि ते वर्तमानपत्र यादीत सापडायचं नाही.

हे वाचलं आणि मला तो रांगोळीचा ठिपका आठवला. तरीही मी गप्पच राहिलो. इतकी वर्षं झाली, आता काय सांगायचं, असं वाटायचं.

मग आला ११ मार्च २००१. पुलेला गोपीचंदने बर्मिंगहॅमला चीनच्या चेन हाँगला १५-१२, १५-६ असं हरवून ऑल इंग्लंड जिंकली. याच गोपीचंदचा गुडघा १९९४ साली पुण्यात, राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत खेळताना मोडला होता. शस्त्रक्रिया झाल्या, आता खेळणं कठीण असं वाटण्याची पाळी आली होती. जिंकल्यावर एका शीतपेयाची जाहिरात त्याच्याकडे चालून आली. भरपूर पैसे मिळणार होते. त्याने नकार दिला. जे मी स्वतः पीत नाही ते मुलांना प्या कसं सांगू, असं त्याचं म्हणणं.

त्या रात्री मी नागपूरला फोन लावला. म्हटलं, "अरे, एकवीस वर्षांपूर्वी वाड्यात... ते फूल आत होतं."

पलीकडे जरा वेळ शांतता. मग तो हसला. "माहितीय की! तू रांगोळी पुसताना मला दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुझ्या बाजूचं तू सांगायचं, असं ठरलं होतं ना? मग तू सांगशील म्हणून थांबलो."

मुलांनो, माझे डोळे भरून आले. एकवीस वर्षं थांबला होता तो!

त्यानंतर २०१५ साली सायना नेहवाल आणि २०२२ साली लक्ष्य सेन ऑल इंग्लंडच्या अंतिम फेरीपर्यंत गेले. दोघंही तिथे हरले, पण आम्ही दोन म्हाताऱ्यांनी टीव्हीपुढे बसून फोनवरून एकमेकांना धीर दिला. खेळाचे नियमही बदलले. २००६ पासून २१ गुणांचा गेम आला, आणि सर्व्हिस कुणाचीही असो, जो फटका जिंकेल त्याला गुण. मोठ्या स्पर्धांत रेषेवरच्या फुलाचा निकाल आता कॅमेरे देतात. पण तुमच्या गल्लीत, सोसायटीच्या पार्किंगमध्ये कॅमेरा नसतो. तिथे अजून आमचाच नियम चालतो, हो ना?

गेल्या मे महिन्यात मित्र सांगलीला आला होता. वाड्याच्या जागी आता अपार्टमेंट आहे. नातवंडांनी खाली खडूने कोर्ट आखलं. आम्ही दोघांनी तोच सामना पुढे सुरू केला. माझे १४, त्याचे १३ आणि सर्व्हिस त्याची. नियम जुनेच. पाच मिनिटांत दोघांनाही धाप लागली आणि नातवंडांना हसू आवरेना.

कोण जिंकलं, ते तुम्हीच ओळखा. मी एवढंच सांगतो. शेवटचं फूल माझ्या मागच्या रेषेवर पडलं. मी वाकून बघितलं आणि सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असा ओरडलो,

"आत!"