गुरांसाठी पडलेला वीर

खंडोबा वर्षातले सव्वादहा महिने आमच्या अणदूरला असतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गला. त्या मुक्कामातच तिथं पौष पौर्णिमेची यात्रा भरते. यात्रा करून आम्ही सकाळी शिवारातून परतत होतो. वाटेतल्या एका बांधावर निम्मा मातीत गेलेला काळा दगड मी लहानपणापासून बघत आलोय. वर शेंदराचे थर, मधोमध म्हशीचं दावं. त्या सकाळी पौषातलं तिरपं ऊन त्याच्यावर आडवं पडलं आणि दगडातून एक घोडा उमटला.

मी खाली बसलो. तो वीरगळ होता, लढताना पडलेल्या वीराच्या आठवणीचा दगड. वीरगळ खालून वर वाचायचा. तळाला धारातीर्थी पडलेला वीर आणि त्याच्यामागे गाईंची रांग. म्हणजे गोधन राखताना आलेलं मरण. त्यावर लढाई. त्यावर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा. मग तो शिवलिंगाची पूजा करताना, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य: ते आहेत तोवर कीर्ती राहील, ही ग्वाही. यादवकाळात आणि त्याआधीही असे दगड महाराष्ट्रभर उभे राहिले. मुंबईत बोरिवलीजवळच्या एकसरला तर त्यांवर नौकांचं युद्ध कोरलंय.

साचा ठरलेला, तरी कारागिराचा हात मोकळा असतो. इथं रांगेतलं शेवटचं वासरू मान वळवून पडलेल्या माणसाकडे बघत होतं. बोटभर वासरू, पण त्या मानेच्या बाकात सगळा वियोग होता. हे कोरणाऱ्यानं गुरं राखली असणार, असं मला वाटून गेलं.

शेतमालक तात्या आले. "म्हसोबा हाय त्यो," म्हणाले. मी एकेक चौकट दाखवत गेलो. गाईंपाशी ते ओणवे झाले.

"म्हंजी गुरांसाठी मेला का ह्यो गडी?"

त्यांनी दावं सोडलं आणि म्हैस लिंबाला बांधली. आम्ही साध्या पाण्यानं, मऊ कुंच्यानं माती काढली. शेंदराला हात लावला नाही. ती त्यांची श्रद्धा, आणि खरवडलं तर नक्षीही जाते.

येणाऱ्या-जाणाऱ्यानं बघावं म्हणूनच वीरगळ उघड्यावर उभा केलेला असतो. मारुतीच्या पारापाशी, वेशीत असे दगड गावोगाव आहेत. त्यांना ऑईलपेंट फासू नये, सिमेंटात चिणू नये. सकाळच्या उन्हात त्यांच्यापाशी बसावं आणि सोबत गावातलं एखादं पोर न्यावं. उद्या तेच दुसऱ्याला वाचून दाखवील.