अश्वशक्ती

आम्ही मराठीचे अध्यापक. आम्हाला सल्ला विचारला जातो तो ऱ्हस्व-दीर्घाविषयी, फार तर प्रबंधाच्या विषयाविषयी. त्यामुळे कॅलिफोर्नियात नोकरी करणाऱ्या आमच्या भाच्याने परवा फोनवर, "मामा, गाडीचं इंजिन ट्यून करून घेऊ का?" असे विचारले, तेव्हा आम्ही गडबडलो. आम्हालाच का, याचा खुलासा त्यानेच केला. "आई म्हणाली, मामाला विचार, त्याला त्यातलं कळतं." ताईने असे का म्हटले, हे आम्हाला चांगले ठाऊक आहे. त्याला ते ठाऊक नव्हते. त्याविषयी पुढे सांगू.

गाडी माझदा कंपनीची एमएक्स-५, २०१९ सालचे मॉडेल, दुसऱ्या हाताने घेतलेली. दोन आसने, उघडणारे छप्पर, वजन साधारण १,०६० किलो, दोन लिटरचे विनाटर्बो इंजिन, १८१ अश्वशक्ती. इंजिनाच्या संगणकातले आकडे बदलून आणि नवा एक्झॉस्ट बसवून आणखी दहा-पंधरा अश्वशक्ती काढून देतो, असे तिथल्या एका दुकानाने त्याला सांगितले होते. खर्च अडीच हजार डॉलर.

हा प्रकार आम्हाला आमच्या व्यवसायाच्या भाषेतच समजून घ्यावा लागला. आजच्या इंजिनात पेट्रोल किती सोडायचे आणि ठिणगी नेमकी कधी पाडायची, हे एक छोटा संगणक ठरवतो. त्यात आकड्यांचे तक्ते असतात. ट्यूनिंग म्हणजे त्या तक्त्यांचे संपादन. कारखान्याची मूळ संहिता जरा सावध असते, कारण तिला कडक उन्हात, उंच घाटात, हलक्या इंधनावर, निष्काळजी मालकाच्या हाती वर्षानुवर्षे टिकायचे असते. ती सावधगिरी थोडी कमी केली की थोडी ताकद मोकळी होते.

किती मोकळी होते, हे मात्र इंजिनाच्या जातीवर अवलंबून आहे. टर्बो इंजिनात हवा दाबून भरलेली असते. संगणकाने तो दाब वाढवला की जास्त हवा, म्हणून जास्त पेट्रोल, म्हणून जास्त ताकद. तिथे केवळ आकडे बदलूनही पाचव्या हिश्श्याहून अधिक वाढ मिळू शकते. अर्थात क्लच, गिअरबॉक्स आणि इंजिन थंड ठेवणारी यंत्रणा यांनी ते ओझे पेलले पाहिजे. विनाटर्बो इंजिन मात्र वातावरणाच्या दाबाने जेवढी हवा आत येईल तेवढीच घेते. तिथे आकड्यांच्या संपादकाला फारसे काम उरत नाही.

भाच्याच्या गाडीत तर ते काम कारखान्यानेच आधी करून ठेवले आहे. याच पिढीच्या आधीच्या गाडीत अमेरिकेत १५५ अश्वशक्ती मिळत. २०१९ च्या मॉडेलसाठी माझदाच्या अभियंत्यांनी प्रत्येक पिस्टन २७ ग्रॅमने आणि प्रत्येक कनेक्टिंग रॉड ४१ ग्रॅमने हलका केला, हवेच्या आणि धुराच्या वाटा रुंद केल्या, आणि इंजिनाच्या फेऱ्यांची कमाल मर्यादा मिनिटाला ६,८०० वरून ७,५०० वर नेली. सव्वीस अश्वशक्तींसाठी एवढा खटाटोप करावा लागला. त्यानंतर उरते ती ताटाच्या कडेला चिकटलेली शिते. शिवाय ठिणगी लवकर पाडून ताकद काढायची तर चढ्या ऑक्टेनचे पेट्रोल हवे. कॅलिफोर्नियाच्या पंपांवर ते सहसा ९१ पर्यंतच मिळते, आणि अमेरिकेत इतरत्र मिळणारे ९३ गृहीत धरून दाखवलेले आकडे तिथे जसेच्या तसे उतरत नाहीत. त्या राज्याचा कायदाही कडक. धुरावर परिणाम करणाऱ्या सुट्या भागाला तिथल्या हवा मंडळाचा मान्यता क्रमांक लागतो, आणि जुलै २०२१ पासून धूर-तपासणीत संगणकातले मूळ सॉफ्टवेअर बदलले आहे का, हेही पाहिले जाते. बिनमान्यतेचे सापडले की गाडी नापास.

हे सारे त्याला सांगत असताना आम्हाला एकनाथ आठवत होते. शके १५०६ मध्ये नाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. लेखकूंच्या हातून शिरलेले दोष त्यांनी काढले, पण आपली ओवी तीत मिसळली नाही, आणि पुढे कोणी मिसळू नये असेही बजावले. शुद्ध करणे वेगळे आणि भर घालणे वेगळे. जुन्या गाडीला आधी शुद्धीचीच गरज असते. झिजलेले टायर, जुने ब्रेक ऑइल, बिघडलेले अलाइनमेंट, थकलेले स्पार्क प्लग. या गोष्टी नीट केल्या तर गाडी तिच्या कर्त्यांनी योजली होती तशी चालू लागते, आणि पुष्कळांना 'ट्यूनिंग' हवे असते ते खरे म्हणजे हेच. उरलेल्या पैशात एखाद्या ट्रॅकवर शिक्षकाला शेजारी बसवून दोन दिवस गाडी चालवायला शिकावे. या गाडीचे निर्माते १९८९ पासून 'जिन्बा इत्ताई' हे जपानी शब्द सांगत आले आहेत. अर्थ असा की घोडा आणि स्वार एकरूप व्हावेत. अश्वशक्तीचा हिशेब सगळेच मांडतात. स्वाराचा हिशेब मांडायचा राहून जातो.

मग ट्यूनिंग कोणी करूच नये काय? तसे नव्हे. टर्बो गाडी, शर्यतीचा छंद, इंजिनाचे आकडे वाचता येणारा जाणता माणूस आणि बिघाडाचा खर्च सोसण्याची तयारी, एवढे असेल तर त्यात पैसा वाया जात नाही. आनंदही मिळतो. तो आनंद आम्ही नाकारणार नाही, कारण आम्ही तो घेतला आहे.

१९९९ साल. आम्ही कोल्हापुरात पदवीच्या शेवटच्या वर्षाला होतो. जुनी आरएक्स १०० घेतली होती. ९८ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, ११ अश्वशक्ती. आम्हाला त्या पुरेनात. उद्यमनगरातल्या एका मिस्त्रीकडून पोर्ट घासून घेतले, सायलेन्सर मोकळा केला, एअर फिल्टर काढून टाकला. हवा वाढली, आता पेट्रोलही वाढले पाहिजे, कार्ब्युरेटरचा जेट मोठा घाला, असे त्या भल्या माणसाने दोनदा सांगितले. आमच्या खिशात तेवढे पैसे उरले नव्हते. आठ दिवस गाडी वाऱ्यासारखी पळाली. नवव्या दिवशी ताईला मागे बसवून पन्हाळ्याला निघालो. वाघबीळच्या चढावर पेट्रोलावाचून तापलेला पिस्टन सिलिंडरमध्ये जाम झाला, मागचे चाक जागीच अडकले आणि आम्ही दोघे रस्त्यावर. आम्हाला खरचटले. ताईचे डावे मनगट मोडले. ते सांधले, पण वाकडे. पाय घसरून पडले, असे तिनेच घरी सांगितले, आणि पुढच्या वर्षी लग्नाच्या मांडवातही तेच सांगितले. डब्याचे घट्ट झाकण तिला आजही उघडत नाही. तिच्या मुलाला वाटते, आईला संधिवात आहे.

जेट किती रुपयांचा होता, हे आम्हाला अजून आठवते. इथे लिहवत नाही.

हे आम्ही त्याला त्या दिवशी प्रथमच सांगितले. इंजिनाविषयीचा सल्ला पाच मिनिटांत संपला होता. यालाच वेळ लागला. पलीकडे बराच वेळ शांतता होती. आम्हाला वाटले, फोन कट झाला. मग तो म्हणाला, "मामा, हे तुम्ही मला सांगितलंत, हे आईला कळलं तर चालेल का?"

त्याने ट्यूनिंगचे काय ठरवले, ते आम्ही अजून विचारलेले नाही. त्याच्या प्रश्नाचे उत्तरही आम्ही दिलेले नाही. ते आधी ताईला विचारावे लागेल.