कंबरेचा ताळेबंद

जमा-नावे जुळल्याशिवाय आम्हां बँकवाल्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. शरीराचा हिशेब मात्र आपल्याला न विचारताच लिहिला जातो. माझी कंबर तीन वर्षे दुखते आहे. दुखते म्हणून फिरणे बंद, म्हणजे कॅलरींचा खर्च आटला. झोप उडाली, म्हणून भूक वाढली. त्यात मार्चअखेरचा ताण! ताण लांबला की कॉर्टिसॉल वाढते, आणि ते भाजी-भाकरीवर भागवून घेत नाही, बटाटेवडाच मागते. वर चरबीची ठेव नेमकी पोटाच्याच शाखेत! शेजारच्या काउंटरवरच्या बाईंचे उलटे. गुडघा ठणकला की त्यांची अन्नावरची वासनाच उडते, वजन उतरते. त्यांना लोक विचारतात, "बरं नाही का हो?" मला सांगतात, "खाणं कमी करा!" अहो, दुखणे दोघांचेही खरेच; फक्त त्यांचे नावे पडले, माझे जमा झाले.