जुन्या लेन्सला नवा कॅमेरा

हाताने फोकस करायची जुनी लेन्स मिररलेस कॅमेऱ्यावर चालते, कारण या कॅमेऱ्यात आरसा नसतो. एसएलआरमध्ये आरसा हलायला जागा लागे, म्हणून एम४२ या आट्यांच्या माउंटपासून फिल्मपर्यंतचे अंतर ४५.४६ मिलिमीटर ठेवलेले होते. सोनीच्या ई माउंटमध्ये ते १८ मिलिमीटर आहे. उरलेले २७.४६ मिलिमीटर भरून काढणारी धातूची पोकळ कडी म्हणजे अ‍ॅडॅप्टर. साध्या अ‍ॅडॅप्टरमध्ये काच नसते, त्यामुळे लेन्सचा मूळ गुण शाबूत राहतो. पॅनासोनिकच्या जी१ने २००८ मध्ये ही वाट खुली केली. सोनीचा ए७ २०१३ मध्ये आला आणि या लेन्सना पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या मापाचा सेन्सर मिळाला.

अ‍ॅडॅप्टरची किंमत त्याच्या मापात आहे. तो ०.१ मिलिमीटरने जरी लांब भरला, तरी ५८ मिलिमीटरची लेन्स सुमारे ३४ मीटरपलीकडे नेमका फोकस धरत नाही. कोलकात्याजवळच्या न्यू टाउनमध्ये याची परीक्षा सहज होते. विश्व बांगला गेट दुरून पाहावे आणि फोकसची रिंग अनंताच्या खुणेकडे शेवटपर्यंत फिरवावी. कमान तरीही मऊच दिसत असेल, तर अ‍ॅडॅप्टर लांब आहे. अनंताच्या खुणेआधीच ती स्पष्ट झाली, तर तो किंचित आखूड आहे; हा दोष चालवून घेता येतो.

जुन्या कॅमेऱ्यांसाठी कोलकात्यात एस्प्लनेडजवळची मेट्रो गल्ली प्रसिद्ध आहे. जुनी लेन्स घेताना अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून मागून टॉर्च मारावा. बुरशीचे तंतू, धुरकटपणा, पात्यांवरचे तेल लगेच दिसते. बारीक धूळ किंवा एखादा ओरखडा चित्रात सहसा उमटत नाही. धुरकटपणा मात्र सगळा कॉन्ट्रास्ट खातो.

सुरुवातीला हेलिओस ४४-२ उत्तम. सोव्हिएत बनावटीची ही ५८ मिलिमीटर, एफ/२ लेन्स कार्ल त्साइस जेनाच्या बायोटारच्या रचनेवर आधारलेली आहे. तिला अ‍ॅपर्चरच्या दोन रिंगा असतात. एकीवर हवा तो आकडा लावून ठेवायचा. दुसरी उघडी ठेवून फोकस साधायचा आणि मग डोळा व्ह्यूफाइंडरवरून न काढता ती अडेपर्यंत फिरवायची. बोटांना ही लय जमली की काम पुष्कळ सोपे होते.

कॅमेऱ्याला ही लेन्स जाणवतच नाही. म्हणून मेनूमधली ‘लेन्सशिवाय शटर’ची मुभा चालू करावी लागते आणि कॅमेऱ्यात स्थिरीकरण असेल तर त्यात ५८ हा आकडा हाताने भरावा लागतो. अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर शटरचा वेग कॅमेरा स्वतः ठरवतो. फोकससाठी कडांवर रंग दाखवणारे पीकिंग केवळ अंदाज देते. एक मीटरवर एफ/२ ला स्पष्टतेची खोली जेमतेम साडेतीन सेंटिमीटर असते. तिथे चित्र मोठे करून पाहण्याला पर्याय नाही.

या लेन्सचा स्वभाव कळायला न्यू टाउनचा शरद ऋतू फार चांगला. मोकळ्या भूखंडांवर काश गवत पांढऱ्या तुऱ्यांनी भरते. दोनेक मीटरवर माणूस, मागे दूरवर तुरे आणि तिरपा उजेड असला की पार्श्वभूमी माणसाभोवती गोल फिरल्यासारखी दिसते. चौकटीच्या कडेला किरण लेन्सच्या नळीने अडतात, त्यामुळे उजेडाचे गोल ठिपके लिंबासारखे लांबट होतात आणि मध्याभोवती रांगेने बसतात. एफ/५.६ ला हा परिणाम जवळजवळ नाहीसा होतो. समोरून ऊन आले तर जुने लेपन दाद देत नाही, सावल्या फिकट पडतात, हूड हवेच.

शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे दमट हवा. बंगालच्या पावसाळ्यात कातडी पिशवीत बंद ठेवलेली लेन्स बुरशीला आयतीच सापडते. ४० ते ५० टक्के आर्द्रतेचे कोरडे कपाट किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल एवढी सोय आवश्यक आहे. जेल रंग बदलताच तापवून वाळवावे. फार कोरड्या हवेचाही हट्ट धरू नये, त्याने रिंगांमधले ग्रीस आटते. बुरशी कोवळी असेल तर जाणकार कारागीर ती साफ करतो. तिच्या आम्लाने लेपन खाल्ले की ते पुन्हा भरून येत नाही. म्हणून लेन्स कपाटात निजवून न ठेवता नियमित वापरावी, उजेड-वारा दाखवावा आणि तिच्या दोन्ही रिंगा फिरत्या ठेवाव्यात.