पाळलेले आणि मोकाट

'माइन', म्हणजे 'माझा', या नावाचा २००९ सालचा एक माहितीपट पाहिल्यापासून त्यातली माणसे माझ्या मनातून जात नाहीत. २९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना चक्रीवादळ अमेरिकेच्या आखाती किनाऱ्यावर आदळले, बांध फुटले आणि न्यू ऑर्लिन्स शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. ज्यांच्याजवळ मोटार होती ते कुत्र्यामांजरांसह आधीच निघून गेले होते. ज्यांच्याजवळ नव्हती, आणि त्यांत गरीब कृष्णवर्णीयच अधिक, त्यांना सुटकेच्या बसमध्ये जनावर घेता येईना. दोन दिवसांत परतू, या भरवशावर दाणापाणी ठेवून माणसे निघाली.

देशभरातून आलेल्या स्वयंसेवकांनी मग हजारो प्राणी वाचवले. काम थोर होते, यात शंका नाही. पण त्यांतले पुष्कळ प्राणी दूरच्या राज्यांत नव्या घरी गेले, आणि मूळ मालक महिनोन्‌महिने शोध घेत त्या दारांशी पोचले तेव्हा कित्येकांना ऐकावे लागले की, त्याला टाकून तर तुम्हीच गेलात. पुरावा म्हणून कुत्र्याचा 'हार्टवर्म' पुढे केला जाई. हृदयातला हा जंत डासांमुळे पसरतो, आणि लुइझियानाच्या दलदलीत डासांना काय तोटा! तो टाळायचा तर महिन्याच्या महिन्याला औषध द्यावे लागते. त्याला पैसे पडतात. हवामानाची आणि दारिद्र्याची खूण अशी मायेच्या अभावाची खूण म्हणून वाचली गेली.

मला हे परके वाटले नाही. आमच्या गावी वाड्यातला कुत्रा 'पाळलेला', तर गावकुसाबाहेरच्या वस्तीतला, तितकाच इमानी, 'मोकाट' म्हटला जाई. (महाडच्या चवदार तळ्यावर तर गुरे खुशाल पाणी पीत आणि अस्पृश्य ठरवलेल्या माणसांना मज्जाव असे; त्यासाठी १९२७ साली सत्याग्रह करावा लागला.) भूतदया आणि माणसाविषयीची तुच्छता एकाच ओसरीवर सुखाने नांदताना आपण पाहिली आहे.

आपत्तीच्या नियोजनात पाळीव प्राण्यांचाही विचार व्हावा, असा कायदा अमेरिकेत २००६ साली झाला. मात्र वाचवलेला प्राणी अखेर कोणाचा, या प्रश्नाला तो हात घालीत नाही. काहीजण न्यायालयात गेले, काहींना आपला कुत्रा मिळालाही. पण तिथे सिद्ध काय करायचे? तो आपला होता, आपण त्याच्यावर माया करीत होतो, हे. आणि पशुवैद्याच्या पावत्या, लशीचे दाखले, छायाचित्रे, जी काही होती ती, त्याच पुरात वाहून गेलेली.