गायरानाची मोजणी

दिवाळी सरल्यावर बीडहून वडवणीमार्गे तेलगावकडे जाऊ लागलो, तेव्हा ऊसतोडीला निघालेल्या बिऱ्हाडांच्या मालमोटारी समोरून येत होत्या, आणि ज्यांना भेटण्यासाठी मी निघालो होतो त्या गायरानधारकांपैकी वस्तीवर कोण उरले असेल, ही चिंता मला लागली. धारूर तालुक्यातल्या याच तेलगावी एकनाथ आवाड यांनी मानवी हक्क अभियानाचे ठाणे मांडले होते. मराठवाड्यातील भूमिहीन दलितांनी आणि पारध्यांनी कसलेली गायराने त्यांच्या नावे व्हावीत म्हणून हा पुरुष 2015 साली देह ठेवीपर्यंत झगडला.

वस्तीवर एक वृद्धा भेटली. मुरमाड बरडावर धोंडे वेचून घातलेल्या ताली आणि त्यांच्या आड माजलेली तूर दाखवून झाल्यावर तिने पत्र्याच्या पेटीतून जीर्ण कागद काढले. “लेकरा, दंड भरल्याच्या पावत्या हायेत ह्या. ह्योच आमचा सातबारा.” तिचे म्हणणे एका अर्थी खरे होते, कारण गाव नमुना 1-ई या अतिक्रमणाच्या नोंदवहीत नाव चढले की दंड बसतो, परंतु त्याच नोंदीने कब्जाही शाबीत होतो, आणि 14 एप्रिल 1990 पूर्वीची अशी अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचा शासननिर्णय 28 नोव्हेंबर 1991 रोजीच झालेला आहे. तिच्या शेतावर पंचनामा झाला, शेजाऱ्यांचे जबाब झाले, चतुःसीमा लिहिली गेली. मोजणी तेवढी झाली नाही.

कसलेल्या-वापरलेल्या भूमीवरचा हक्क रेखून सिद्ध करण्याचा एक दाखला दूरदेशी आहे. कॅनडाच्या उत्तर भागात बांध नाही, धुरा नाही, केवळ हिम; तरीही तेथील इनुइट शिकाऱ्यांनी सत्तरच्या दशकात आपल्या आयुष्यभराच्या शिकारवाटा नकाशांवर रेखून दिल्या, त्या त्यांच्या दाव्याला आधार झाल्या, आणि 25 मे 1993 च्या नुनावुत करारान्वये सुमारे 3,50,000 चौरस किलोमीटर भूमीचे स्वामित्व त्यांना मिळाले. त्या भूमीच्या सीमा मोजण्याचा खर्च सरकारने सोसावा, असेही त्या करारात ठरले. मला हे कलम फार मोलाचे वाटते, कारण त्या वृद्धेचे अडले आहे ते मोजणीपाशीच.

गुरांना चराई हवी, हे मी नाकारीत नाही. परंतु चाळीस-चाळीस वर्षे कसलेल्या बरडाचे पुन्हा कुरण होईल असे मानणे व्यर्थ आहे. सरकारने ही गायराने स्वखर्चाने मोजावीत आणि 1-ई मधील जुनी नावे सातबाऱ्यावर आणावीत; या मागणीस वाचकांनीही आपले बळ द्यावे.